सोलापूरच्या घरमालकाची भीती

सोलापुरात एखादी खोली भाड्याने द्यायची ठरली की घरातली वडीलधारी मंडळी आधी बजावतात, कागद करू नका. अगदीच करायचा झाला तर अकरा महिन्यांचा करा, शंभर-पाचशेच्या स्टँप पेपरवर, नोटरीचा शिक्का मारून, आणि नोंदणीच्या भानगडीत पडू नका. भाडेकरू शक्यतो आपल्यातला, ओळखीतला बघायचा. पावती मागितली तर 'बघू' म्हणायचे. आणि मनासारखा माणूस मिळालाच नाही तर खोलीला कुलूप लावून ठेवायचे, पण अनोळखी माणसाला आत घ्यायचे नाही. या सगळ्या शहाणपणाच्या मुळाशी एक भीती आहे: भाडेकरू आत आला की घर गेले. ही भीती खुळी नाही, तिच्यामागे खरा इतिहास आहे आणि त्या इतिहासाला नेमक्या तारखा आहेत. मात्र ज्या कायद्याने ती निर्माण केली तो २००० साली संपला, आणि त्या कायद्यापासून वाचायला म्हणून लागलेल्या सवयी आजच्या कायद्यात घरमालकाच्याच अंगावर उलटतात, असे माझे म्हणणे आहे. ते पटवायचे तर सोलापुरात भाड्याचे घर आले कुठून, इथून सुरुवात करावी लागेल.

रेल्वे सोलापूरपर्यंत आली १८६० साली. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनीची गिरणी, म्हणजे आजही सगळे जिला 'जुनी मिल' म्हणतात ती, १८७७ साली सुरू झाली. तो मोठ्या दुष्काळाचा काळ होता आणि पोटासाठी गाव सोडलेली माणसे शहराच्या दिशेने चालत होती. पुढच्या तीस-पस्तीस वर्षांत लक्ष्मी, नरसिंग गिरजी, विष्णू, जाम अशा गिरण्या उभ्या राहिल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले आणि शहराचा पूर्व भाग मागांच्या आवाजाने भरून गेला. १९०१ च्या जनगणनेत सुमारे पंचाहत्तर हजारांचे असलेले हे गाव १९५१ साली पावणेतीन लाखांच्या पुढे गेले. एवढी माणसे राहिली कुठे, याचे उत्तर त्या काळच्या घरांच्या प्रकारांत आहे. गिरणीने बांधलेल्या चाळी होत्या. त्यांतली खोली नोकरीबरोबर मिळे आणि भाडे पगारातून वळते होई. पूर्व भागात हातमागाचे कारखाने होते. तिथे कारखानदार विणकराला त्याच्या बायकामुलांसह कारखान्याच्या आवारातच राहायला जागा देई, उचलही देई, आणि बायका कांड्या भरण्याचे काम करत. तिसरा प्रकार सेटलमेंटचा: 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना तारेच्या कुंपणाआड ठेवून, हजेरी घेऊन, गिरण्यांत कामाला पाठवले जाई. तिथले घर म्हणजे शिक्षाच होती. आणि चौथा प्रकार कसब्यातल्या आणि पेठांतल्या वाड्यांचा. मालक पुढच्या सोप्यात राही, मागचे दोन-दोन खण भाडेकरूंना दिलेले असत, आणि भाडेकरू बहुधा जातीतला, गावाकडचा किंवा कोणाच्या तरी शब्दावर आलेला असे.

या चारही प्रकारांत एक गोष्ट सारखी आहे. भाडे हा स्वतंत्र व्यवहार कुठेच नव्हता. ते नोकरीचे, उचलीचे, हजेरीचे किंवा ओळखीचे शेपूट होते. त्यामुळे कागदाची गरज कोणालाच भासली नाही. भांडण झाले तर सोडवायला मुकादम होता, कारखानदार होता, जातीची पंचायत होती, वाड्यातला म्हातारा होता. 'तोंडी व्यवहार म्हणजे विश्वास' ही सोलापुरी घरमालकाची समजूत या काळातली आहे. पण तो विश्वास भाडेकरूवर नव्हता, वरच्या नात्यावर होता. नाते तुटले की भाडेकरू आणि मालक एकमेकांसमोर मोकळे उभे राहणार आणि दोघांच्याही हातात काही नसणार, हे त्या व्यवस्थेत आधीपासूनच लिहिलेले होते.

त्यात दुसरे महायुद्ध आले. महागाई वाढली, शहरे फुगली, नवे बांधकाम थांबले आणि घरमालकांनी भाडी वाढवायला सुरुवात केली. त्यावर उपाय म्हणून झालेले युद्धकाळातले कायदे एकत्र करून मुंबई भाडे नियंत्रण कायदा, १९४७ आला. तो १३ फेब्रुवारी १९४८ पासून लागू झाला आणि सोलापूरही त्याच्या कक्षेत होते. या कायद्याची कळ एका तारखेत होती: १ सप्टेंबर १९४०. त्या दिवशी जागेचे जे भाडे होते ते 'प्रमाण भाडे'. जागा त्यानंतर पहिल्यांदा दिली असेल तर पहिले भाडे ते प्रमाण भाडे. करवाढ आणि केलेल्या सुधारणा यांपुरती थोडी मुभा सोडली तर ते वाढवायचे नाही. भाडेकरू भाडे भरत असेल किंवा भरायला तयार असेल तोवर त्याला काढायचे नाही, आणि तो वारला तर त्याच्याबरोबर राहणारे कुटुंबीय भाडेकरू. कायदा तात्पुरता म्हणून केला होता. त्याची मुदत पुन्हा पुन्हा वाढवत तो पन्नास वर्षे चालवला.

हा कायदा मुळात चूक होता असे मला वाटत नाही. १९४७-४८ च्या सोलापुरात गिरणी कामगाराला भाडेवाढीच्या तोंडी दिले असते तर हजारो कुटुंबे माळावर आली असती. भाडेकरूंच्या बाजूने बोलणारे हे सांगतात तेव्हा ते बरोबरच सांगतात. चूक झाली ती भाडे गोठवून घराचा खर्च गोठवता येत नाही, हे विसरण्यात. सोलापूरच्या जुन्या घरांबाबत ही चूक डोळ्यांनी दिसते, कारण इथली घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यांवर किलच, त्यावर मातीचा जाड थर. हे छत उन्हाळ्यात गारवा देते आणि आपल्या कोरड्या हवेला ते सोसते, पण त्याला दरवर्षी मशागत लागते. पावसाच्या आधी पांढरी माती टाकायची, चोपून घ्यायची, उतार नीट करायचा, उगवलेले गवत उपटायचे, पन्हळी मोकळ्या करायच्या. दोन-तीन वर्षे हे चुकले की पाणी तुळईत उतरते आणि तुळई कुजली की भिंत सुटते. आता १९४० साली पाच रुपयांना दिलेली खोली धरा. १९७० साली तिचे भाडे पाच-सात रुपयेच असेल तर एका खोलीवर माती टाकायला लागणारी मजुरी वर्षाच्या भाड्यातून निघणार कशी? कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकली होती. मालकाने ती टाळली तर भाडेकरूने दुरुस्ती करून खर्च भाड्यातून वळता करायचा, अशी सोयही होती. पण वळते करायचे ते भाड्याच्या ठरावीक अंशापर्यंतच, आणि भाडेच एवढेसे तर अंश केवढा! मुंबईत हा प्रश्न गळ्याशी आला तेव्हा १९६९ साली कायदा करून दुरुस्ती मंडळ स्थापन झाले आणि उपकर घेऊन जुन्या इमारती दुरुस्त होऊ लागल्या. सोलापूरच्या वाड्याला असा वाली कोणी नव्हता. न्यायालयांनी पुढे असेही ठरवले की मालमत्ता कर ज्या करयोग्य मूल्यावर बसतो ते प्रमाण भाड्याच्या वर जाऊ शकत नाही. म्हणजे भाडे गोठले, दुरुस्ती गोठली आणि गावाच्या तिजोरीत जाणारी घरपट्टीही गोठली. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर पेठांतल्या ज्या धोकादायक इमारतींना महापालिकेच्या नोटिसा जातात, त्यांतल्या कितीतरी इमारतींचा आजार त्या गोठण्यातून आलेला आहे.

घरमालकांनी यातून वाट काढली ती 'लिव्ह अँड लायसन्स'ची. भाडेकरू ठेवला तर कायदा लागतो. मग भाडेकरू म्हणायचेच नाही, केवळ वापराची परवानगी दिली म्हणायचे. ही युक्ती काही वर्षे चालली. मग १९७३ ची दुरुस्ती आली: १ फेब्रुवारी १९७३ रोजी जो कोणी चालू लायसन्सखाली जागेत राहत होता तो आपोआप भाडेकरू झाला. एका रात्रीत. घरमालकांच्या तीन पिढ्यांच्या मनात जो धसका बसला आहे तो या तारखेचा. 'कागद केला आणि घर गेले' ही गोष्ट तेव्हापासून घरोघर सांगितली जाते. पण नीट पाहिले तर त्या दिवशी घर कागदामुळे गेले नव्हते. लायसन्स लेखी असो वा तोंडी, ते चालू होते आणि माणूस आत होता, एवढे पुरेसे होते. उलट ज्याची मुदत स्पष्ट लिहिलेली होती, ती संपली होती आणि ज्याने ती वाढवून दिली नव्हती, त्या मालकाला 'त्या दिवशी चालू लायसन्सच नव्हते' असे निदान म्हणता तरी येत होते. ज्याचे सगळे तोंडी होते त्याला तेही म्हणता आले नाही. १९७३ चा धडा आपण उलटा शिकलो.

तोंडी व्यवहाराची दुसरी परीक्षा गिरण्यांनी घेतली. जुनी मिल १९६० च्या दशकातच बंद पडली, लक्ष्मी-विष्णू १९९० च्या दशकात. गिरणी गेली तशी नोकरी गेली, पण चाळीतली खोली राहिली. नोकरीबरोबर आलेली खोली नोकरी संपल्यावर कोणाची, हा प्रश्न जिथे जिथे गिरणी बंद पडली तिथे तिथे उभा राहिला, आणि त्याला कागदावरचे उत्तर क्वचितच सापडले. हे मोठ्या मालकाचे उदाहरण असले तरी लहान घरमालकाला ते लागू आहे. यंत्रमागाच्या शेडवर कामगाराला वरची खोली 'राहा रे' म्हणून देणारा कारखानदार, दुकानातल्या पोराला माडीवर झोपायला जागा देणारा व्यापारी, घराच्या राखणीला नात्यातल्या माणसाला ठेवणारा पुण्याचा नोकरदार, हे सगळे आजही तोच जुना व्यवहार करत असतात. काम एक, राहणे दुसरे. दोन्हींचा हिशेब वेगळा ठेवला नाही तर एक संपल्यावर दुसरे संपत नाही.

कायदा बदलला तो न्यायालयाच्या रेट्याने. डिसेंबर १९९७ मध्ये मालपे विश्वनाथ आचार्य प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की भाडे १९४० ला बांधून ठेवणे हे आता मनमानी आणि अवाजवी झाले आहे. कायद्याची मुदत ३१ मार्च १९९८ ला संपत होती आणि राज्य नवा कायदा आणणार होते, म्हणून न्यायालयाने ती कलमे रद्द केली नाहीत, एवढेच. त्यातून महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ आला आणि ३१ मार्च २००० पासून अमलात आला. लहान घरमालकाला त्यातली दोन कलमे पाठ असायला हवीत, कारण सोलापुरातली बहुतेक वादावादी या दोन कलमांच्या अज्ञानातून होते. कलम ५५ म्हणते की भाड्याचा असो वा लिव्ह अँड लायसन्सचा, प्रत्येक करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची. नोंदणी केली नसेल आणि वाद झाला तर जागा कोणत्या अटींवर घेतली याबद्दल भाडेकरू जे सांगेल ते, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खरे धरले जाईल. वर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम २४ राहत्या जागेच्या लायसन्सबद्दल आहे: मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर मालकाने दिवाणी न्यायालयात वर्षानुवर्षे खेटे घालण्याऐवजी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा, तिथे लेखी करारातला मजकूर निर्णायक पुरावा मानला जातो, आणि मुदतीनंतरच्या दिवसांसाठी दुप्पट शुल्क मागता येते. म्हणजे 'कागद करू नका' हा सल्ला मानणारा मालक आपल्या बाजूचा पुरावा स्वतःच भाडेकरूच्या हाती देतो, आणि पावती न देऊन तो गुन्हाही करतो.

अकरा महिन्यांची प्रथाही अशीच एका संपलेल्या कारणाने चालू आहे. १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे वर्षभराच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची नव्हती, म्हणून अकरा महिने. महाराष्ट्रात कलम ५५ ने ती सवलत संपवली. इथे अकरा महिन्यांचा करारही नोंदवावाच लागतो. तरी नोटरीच्या टेबलावर अकरा महिन्यांचे कागद रोज होतात आणि मालक सुरक्षित झाल्याच्या समाधानात घरी जातो. नोटरीचा शिक्का ही नोंदणी नव्हे. पाच वर्षांपर्यंतचे लायसन्स एकाच दस्तात नोंदवता येते, त्यात दरवर्षीची वाढ आधीच लिहिता येते, आणि दर अकरा महिन्यांनी होणारी घासाघीसही वाचते. सोलापुरात एक सावधगिरी मात्र हवी. पूर्व भागातल्या अनेक घरांत खाली माग आणि वर बिऱ्हाड असते. कलम २४ चा जलद मार्ग राहत्या जागेसाठीच आहे, शेडला किंवा दुकानगाळ्याला नाही. दोन्ही एकाच कागदात गुंडाळले तर वरच्या बिऱ्हाडाचा सोपा वादही खालच्या शेडच्या अवघड वादात अडकतो. दोन वापरांचे दोन करार करावेत. आणि आपले पाणी दोन-चार दिवसांआड येते, तेव्हा हौद कोणाचा, मोटारीचे बिल कोणाचे, टँकर मागवला तर पैसे कोणी द्यायचे, हे करारात लिहावे. मालक-भाडेकरूंची निम्मी भांडणे हौदापाशी सुरू होतात, आणि रागाच्या भरात पाणी किंवा वीज तोडणाऱ्या मालकाच्या विरुद्ध कायदा स्पष्ट आहे.

यावर जाणते लोक हरकत घेतील. राज्याने १९७३ साली एकदा रात्रीत नियम बदलला, तो पुन्हा बदलणार नाही कशावरून? हमी कोणीच देऊ शकत नाही. पण १९९७ च्या निकालानंतर भाडे पुन्हा एखाद्या तारखेला कायमचे खिळवणे सोपे राहिलेले नाही, आणि समजा बदल झालाच, तर मुदत लिहिलेला कागद जवळ असलेला मालक तोंडी मालकापेक्षा बऱ्या जागी असेल. १९७३ ने तेच दाखवले. दुसरी हरकत कराची: नोंदणी केली की उत्पन्न उघडे पडते, घरपट्टीही वाढते. घरपट्टी वाढू शकते, हे खरे. ती भाड्याच्या हिशेबात आधीच धरावी. प्राप्तिकरात मात्र भरलेली घरपट्टी वजा जाते आणि उरलेल्या भाड्यातून ३० टक्के सरळ वजावट मिळते, दुरुस्तीची एकही पावती न दाखवता. दोन-तीन खोल्यांच्या मालकाला, दुसरे मोठे उत्पन्न नसेल तर, यानंतर भरायला फारसे काही उरत नाही. जो कर बहुधा लागतच नाही तो चुकवण्यासाठी घराचा पुरावा सोडून देण्यात शहाणपण नाही.

तिसरी हरकत जास्त वजनाची आहे. हे सगळे नव्या भाडेकरूंपुरते झाले. ज्यांच्या वाड्यात आजोबांच्या काळापासूनची बिऱ्हाडे आहेत त्यांचे काय? त्यांच्यासाठी नव्या कायद्याने दार पूर्ण उघडलेले नाही, हे मान्य करावे लागते. स्वतःच्या गरजेसाठी जागा हवी असेल तरी न्यायालय दोघांच्या अडचणी तोलून पाहते, आणि असे दावे लांबतात. तरीही जे मिळते ते जुने मालक घेत नाहीत. कायदा दरवर्षी ४ टक्के वाढ देतो. ती मागणारे पत्र वर्षानुवर्षे जात नाही आणि मग एकदम दुप्पट भाडे मागून भांडण उकरले जाते. जागा सोडण्याच्या बदल्यात उघडपणे मोबदला देण्या-घेण्याला आता कायद्याने वाव आहे, तरी पागडीचा जुना चोरटेपणा काही सुटत नाही. आणि माळवदावर माती टाकणे बंद केले की भाडेकरू कंटाळून जाईल, हा हिशेब तर सर्वांत वाईट. पन्नास वर्षांचा अनुभव सांगतो की त्यातून भाडेकरू गेले नाहीत, वाडे गेले.

शिवाय बाजार फिरला आहे, आणि घरमालकाने भीती सोडायचे सर्वांत ठोस कारण हेच आहे. पूर्व भागातल्या एकखणी खोल्यांचा हक्काचा भाडेकरू म्हणजे विडी कामगार. त्यांच्यासाठी कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहतीची दहा हजार घरे २००६ साली झाली. तिथेच रे नगर वसाहतीच्या तीस हजारांपैकी पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. भाडे भरणारी माणसे घराची मालक होत आहेत. शिकलेली पोरे पुण्याला जात आहेत आणि मागे राहतात ती म्हाताऱ्या आईवडिलांची किंवा कुलूपबंद घरे. देशाच्या शहरांत २०११ च्या जनगणनेत एक कोटीहून जास्त घरे रिकामी होती. आज सोलापुरात भाड्याने घर शोधणारा बहुधा विद्यापीठाचा विद्यार्थी असतो, सिव्हिल हॉस्पिटलमधली परिचारिका असते, बदलून आलेला बँक कर्मचारी असतो. तो दोन-तीन वर्षांनी जाणारच असतो. त्याला भाडेभत्त्यासाठी पावती हवी, गॅस आणि बँकेसाठी नोंदणीकृत करार हवा, न गळणारे छत हवे. 'कागद नाही' म्हणणाऱ्या मालकाकडे तो थांबत नाही. त्या मालकाला मग मिळतो तो ज्याला स्वतःलाच कागद नको आहे असा भाडेकरू, आणि त्याच्यापासूनच तर वाचायचे होते.

राहिला कागदाचा खर्च. लिव्ह अँड लायसन्सच्या नोंदणीला महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क एकूण भाड्याच्या पाव टक्का लागते. त्यात अनामतीवरचे थोडे वेगळे धरतात. महापालिका हद्दीत नोंदणी फी एक हजार रुपये आहे, आणि दस्त घरबसल्या ऑनलाइन करता येतो. सहा हजारांच्या खोलीसाठी हा सगळा खर्च एका महिन्याच्या भाड्याच्या निम्माही होत नाही. तो मालकाने करावा, भाडेकरूकडून वसूल करू नये, आणि भाड्याचे पहिले पैसे हातात घेण्याआधी करावा.